सामिष की निरामिष? एका जुन्या वादाचा इतिहास



आरोग्याला सामिष आहार हितकर की निरामिष, हा वाद आपल्या मंडळाला नवा नाही. वार्षिक सहलीचा बेत ठरवायला बसलो की तो हटकून निघतो. एक म्हणते, "मटण-मासळीवाचून अंगात ताकद यायची कशी?" दुसरी लगेच विचारते, "हत्ती काय मटण खातो?" मग श्रीखंड-पुरीवर तडजोड होते आणि वाद पुढच्या सहलीपर्यंत तहकूब राहतो. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय घ्यायचे मी ठरवले. मी डॉक्टर नव्हे. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. तेव्हा कोणी काय खावे हे सांगण्यापेक्षा, हा वाद शास्त्रात कसा शिरला, कोणी तो तपासून पाहिला आणि त्यातून काय हाती लागले, ते सांगते. त्यातला मोलाचा भाग आपल्या परळमध्येच घडलेला आहे आणि तो बायकांविषयी आहे.

कोणी काय खायचे हे आपल्याकडे धर्माने, जातीने आणि घराण्याच्या रीतीने ठरत आले. त्यात ताकदीचा प्रश्न जोराने शिरला तो इंग्रजी अमलात. साहेब मांस खातो म्हणून धिप्पाड, आणि धिप्पाड म्हणून राज्यकर्ता, असे समीकरण पुष्कळ शिकल्या-सवरल्या तरुणांच्या मनात बसले होते. राजकोटला शाळेत असताना गांधीजींनी मित्राच्या नादाने चोरून मांस खाल्ले, ते याच समजुतीपायी. पुढे १८८८ साली ते विलायतेला गेले, तर तिथे साहेबांमध्येच शाकाहाराचा प्रचार करणारी मंडळी भेटली. त्यांची संस्था १८४७ पासून चालू होती! म्हणजे ज्यांच्याकडे पाहून आपण मांस खायला निघालो, त्यांच्या घरीच या बाबतीत एकमत नव्हते.

या समजुतीला शास्त्राचा पोशाख चढवला तो डेव्हिड मॅके यांनी. ते कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९१२ साली त्यांनी आहारातील प्रथिनांवर एक ग्रंथ लिहिला आणि भातावर राहणारा बंगाली व उत्तरेकडचा गहू खाणारा धट्टाकट्टा माणूस यांची तुलना करून शरीराच्या बांध्याचे, एवढेच नव्हे तर कर्तबगारीचेही कारण प्रथिनांत शोधले. राज्यकर्त्याला आपल्या राज्याचे रहस्य आपल्याच ताटात सापडावे, यात नवल ते काय!

परंतु पुढच्याच पिढीत निलगिरीच्या डोंगरावर कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन या दुसऱ्या गोऱ्या डॉक्टरांनी हा प्रश्न उंदरांना विचारला. सारख्या वयाच्या आणि वजनाच्या उंदरांच्या तुकड्या पाडून त्यांनी प्रत्येक तुकडीला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचे जेवण दिले. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी अशी ती सात ताटे होती. काही आठवड्यांनी वजने केली, तेव्हा शीख ताटावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले आणि मद्रासी ताटावरचे १५५. मराठा ताटाचा क्रमांक तिसरा लागला, हे आपल्या माहितीसाठी. आता कोणी म्हणेल, पाहा, शीख मांस खातात! पण त्या ताटात होते काय? कोंडा न काढलेल्या कणकेच्या चपात्या, लोणी, भरपूर दूध, डाळ, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या भाज्या आणि आठवड्यातून एखादे वेळी थोडेसे मांस. मद्रासी ताटात मुख्य म्हणजे सडून पांढरा केलेला तांदूळ होता आणि दूध नावालाच होते. पठाणी ताटात मांस शिखांहून अधिक असूनही ते दुसरे आले.

याच मॅकॅरिसन साहेबांनी विलायतेतल्या गरीब माणसाचे जेवणही उंदरांना घालून पाहिले. पांढरा पाव, मार्गारीन, साखर घातलेला चहा, उकडून निःसत्त्व झालेल्या भाज्या, मुरंबा आणि डब्यातले मांस. हे उंदीर खुरटले, आजारी पडले, आणि पुढे पुढे आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले! १९३६ साली लंडनच्या व्याख्यानांत त्यांनी आपल्या देशबांधवांनाच हे ऐकवले. मांस ताटात होते, तरीही ही गत झाली. मॅके साहेबांच्या समीकरणाचे त्यानंतर फारसे काही उरत नाही, असे माझे मत आहे.

पण उंदरांचे पुरे. आता परळला येऊ.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, धापा टाकीत आणि कित्येक बाळंतपणात दगावत. हा साधा पांडुरोग नव्हता. या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी होतात आणि आकाराने फुगतात. याचे कारण शोधायचे काम त्यांच्याकडे होते. जागा मिळाली ती परळच्या हाफकिन संस्थेत. प्लेगच्या साथीत त्या जुन्या राजभवनात प्रयोगशाळा थाटलेली होती, हे आपणांपैकी अनेकींना ठाऊक असेलच.

विल्सबाईंची रीत मला फार आवडते. त्यांनी आधी रक्तात जंतू शोधले; ते सापडले नाहीत. मग त्या बायकांच्या राहणीकडे आणि ताटाकडे वळल्या. मेहता आणि तळपदे हे त्यांचे इथले सहकारी; १९३० साली विल्स आणि तळपदे यांनी मुंबईच्या बायकांचे खाणेपिणे आणि राहणी यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना काय आढळावे? सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वांत जास्त रोग गरीब मुसलमान बायकांत. ज्यांच्या धर्माला मांसाचे वावडे नाही, त्या समाजातल्या बायका! मांस खाण्याची मोकळीक असणे वेगळे आणि ते ताटात पडणे वेगळे.

याचा अर्थ समजायला मला पुस्तक लागले नाही. माझ्या आजेसासूबाई लालबागला राहून गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काम करीत. घर मालवणी, म्हणजे मासळीचे. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. त्या सांगत, "तुकड्या पुरुषांच्या नि पोरांच्या ताटात जायच्या. आम्ही मागाहून बसायचो, तेव्हा कालवणाचं पाणी नि भात." दुसऱ्या बाळंतपणात त्या मरता मरता वाचल्या होत्या. खानेसुमारीच्या वहीत त्या घराची नोंद सामिष अशीच झाली असती. पण त्या घरातल्या बाईचे ताट निरामिष होते, आणि तेही दुधा-तुपाशिवायचे. शाकाहार आणि मांसाहार यांची तुलना करणारे बहुतेक जण घर मोजतात. ताट मोजीत नाहीत. माझी या साऱ्या वादाबद्दल तक्रार असेल तर ती एवढीच आहे.

विल्सबाईंनीही उंदरांना या बायकांचे जेवण दिले. उंदीर पांडुरोगी झाले, पण नंतर कळले की त्यांच्या अंगावरच्या उवांमधून एक जंतू शिरून घोटाळा झाला होता. तरी न कंटाळता त्यांनी माकडांवर प्रयोग केले आणि तिथे उत्तर सापडले. दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा अर्क काढून 'मार्माइट' नावाचा एक स्वस्त, खारट, काळपट लेप विलायतेत पावाला लावून खातात. त्याने रक्त भरून येऊ लागले. मग तो रोगी बायकांना दिला. ज्यांच्या जगण्याचा भरवसा नव्हता, त्या थोड्याच दिवसांत उठून बसू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. मार्माइटात मांसाचा अंशही नाही.

यीस्टमधले ते गुणकारी द्रव्य कोणते? १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकाच्या पाल्यातून ते वेगळे काढले गेले आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला 'फॉलिक अॅसिड' असे नाव मिळाले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत बनवण्यात आले. त्या कामामागे भीमवरमला जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. म्हणजे गिरणीतल्या बाईच्या ताटात कमी होते ते मटण नव्हे, तर हिरवा पाला!

इथे शाकाहारी भगिनींनी टाळ्या वाजवण्याआधी थोडे थांबावे, कारण गोष्टीचा दुसरा अंक उलटा आहे. दुसऱ्या एका असाध्य पांडुरोगावर १९२६ साली मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोज भरपूर कलेजी खायला घालून रोगी वाचवले होते, आणि १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. विल्सबाईंनी पाहिले की कलेजीचा जो शुद्ध केलेला अर्क तो रोग बरा करतो, तो मुंबईच्या रोगाला उपयोगी पडत नाही. तेव्हा द्रव्ये दोन असली पाहिजेत. दुसरे द्रव्य १९४८ साली हाती आले, ते ब-१२ जीवनसत्त्व. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने उलगडली. १९६४ सालचे नोबेल त्यांना मिळाले. हे जीवनसत्त्व कोणतीही भाजी बनवीत नाही. ते फक्त सूक्ष्म जंतू बनवतात, आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून येते. पालक कितीही खाल्ला तरी त्यात ते नाही.

गांधीजींना हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्यांच्या अनुभवाने ते या उंबरठ्यापर्यंत आले होते. त्यांनी दुधाचाही त्याग केला होता. १९१८-१९ च्या मोठ्या दुखण्यात शरीर उभे राहीना. दूध घ्या म्हणून डॉक्टर सांगत, आणि ते व्रतावर अडून बसलेले. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की व्रत घेताना गाई-म्हशींचे दूध मनात होते, मग बकरीच्या दुधाला हरकत कसली? शास्त्रार्थ बाजूला ठेवून वाट काढणे बायकांना जमते! पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहिताना त्यांनी स्पष्टच म्हटले की शाकाहाराला दुधाची जोड हवी. आणि दूध चालणाऱ्याला निर्जीव अंडे चालायला हरकत नाही, असेही लिहिले.

प्रथिनांचे म्हणाल, तर तो बागुलबुवा आपल्याच एका मराठी माणसाने उतरवला. सातारा जिल्ह्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेत १९५१ ते १९७० संख्याशास्त्राचे प्रमुख होते. प्रथिनांच्या टंचाईची जगभर हाकाटी चालू असताना त्यांनी आकड्यांनिशी दाखवले की गरिबाला मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. डाळ-भाकरी पोटभर मिळाली तर प्रथिने बहुधा आपोआप पुरतात. धान्यात जे उणे ते डाळीत, डाळीत जे उणे ते धान्यात. भाकरी-पिठले आणि वरणभात यांना नावे ठेवू नयेत.

अलीकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या खाण्यात अधिक, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली निघाली. आणि सुमारे दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ कमी निघाले, तर फॉलिक अॅसिडची उणीव जवळजवळ कोणातच नाही. विल्सबाईंनी पाहिलेल्या मुंबईचे चित्र तिथे उलटे झालेले दिसते. पुरुषांच्या तपासणीत तर शहरी मध्यमवर्गातल्या शंभरांपैकी ८१ जणांत ब-१२ कमी होते. म्हणजे हे केवळ दारिद्र्याचे दुखणे राहिलेले नाही.

मांसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खारवून, धुरावून, डबाबंद करून टिकवलेले मांस कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ४८,००० हून अधिक माणसांची अठरा वर्षे नोंद ठेवली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शाकाहाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी आढळले, आणि मेंदूच्या पक्षाघाताचे २० टक्के जास्त. सहलीच्या बैठकीत दोन्ही पक्षांना वापरता येईल असे हे दुधारी शस्त्र आहे.

राहता राहिला घरातला व्यवहार. गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सरकार १९७० पासून देते; ती परळच्या कामाचीच दूरची देणगी. पण त्या गोळीत ब-१२ नसते. तेव्हा घरात कोणाला दिवस असतील आणि ती मांस-मासे-अंडी खात नसेल, किंवा खाणाऱ्या घरातली असूनही तिच्या वाट्याला ते येत नसेल, तर रक्तातले ब-१२ तपासावे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. दूधही न घेणाऱ्यांना तर त्याची गोळी लागतेच. पालेभाजी फार शिजवू नका आणि तिचे पाणी ओतून देऊ नका, फॉलिक अॅसिड त्याबरोबर जाते. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोहाला अडवतो. आणि पुढच्या खेपेला मासळी आणाल, तेव्हा तुकड्या वाढण्यापूर्वी मोजून घ्या, आपली धरून.