सेंट्रल लॉक : जुन्या गाडीतील बिघाड

मोटारगाडीच्या सगळ्या दारांची कुलपे एका जागेवरून, एकाच वेळी लावणारी व उघडणारी यंत्रणा म्हणजे सेंट्रल लॉक. ड्रायव्हरच्या दाराचा खटका दाबला, किल्ली फिरवली किंवा रिमोटचे बटण दाबले की बाकीच्या दारांचे खटके त्याबरोबर खाली-वर होतात. गाडीला दहा-पंधरा वर्षे झाली की आधी एका दाराचा खटका अर्ध्यावर अडू लागतो, मग दुसऱ्याचा, आणि एखाद्या पावसाळ्यात सगळीच यंत्रणा गप्प होते. या नोंदीत मुख्यतः मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका या पिढीतल्या गाड्यांचा विचार केला आहे. त्यांच्या साध्या मॉडेलांत सेंट्रल लॉक नसे. गाडी घेतल्यावर ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन किट बसवून घ्यायची रीत होती. म्हणून अशा गाडीत झिजेचा बिघाड असतो तसा बसवणाऱ्याच्या घाईचाही असतो, आणि दोन्ही वेगळे ओळखावे लागतात.

विजेवर चालणारी दाराची कुलपे अमेरिकेत १९१४ साली स्क्रिप्स-बूथ या गाडीत आली, पुढे मागे पडली आणि १९५६ मध्ये पॅकार्डने ती पुन्हा आणली. रिमोटची सोय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेनॉच्या फुएगो गाडीत मिळू लागली.

रचना : प्रत्येक दाराच्या आत, बाहेरचा पत्रा आणि आतला पॅड यांच्यामध्ये, वीतभर लांबीचा काळ्या प्लॅस्टिकचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्यात एक छोटी डीसी मोटर, दोन-तीन गिअर आणि पुढे-मागे सरकणारा दांडा असतो. हा दांडा एका लोखंडी सळीने खटक्याच्या मूळ सळीला जोडतात. जोड असतो दोन स्क्रूंच्या चिमट्याचा. मोटरीला दोनच वायरी येतात. एरवी दोन्ही अर्थला जोडलेल्या असतात. लॉक करताना एकीवर १२ व्होल्ट येतात आणि दुसरी अर्थवरच राहते, उघडताना याच्या उलट होते. विजेचा हा झटका अर्धा ते एक सेकंद टिकतो. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला मात्र पाच वायरी असतात : दोन मोटरीच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. खटका वर आहे की खाली, हे हा स्विच डॅशबोर्डमागच्या कंट्रोल बॉक्सला कळवतो आणि मग तो बॉक्स बाकीची दारे हलवतो. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये मोटरीच्या वायरी हिरव्या व निळ्या, तर स्विचच्या काळ्या, पांढऱ्या व तपकिरी असतात. हा पाच वायरींचा फरक लक्षात असला की अर्धे निदान झाले. रिमोटने सगळी दारे चालतात, पण ड्रायव्हरचा खटका हाताने दाबल्यावर बाकीची ढिम्म राहतात, तर दोष स्विचच्या तीन वायरींत किंवा स्विचमध्ये आहे. बाकीची दारे चालतात आणि फक्त ड्रायव्हरचेच हलत नाही, तर तो मोटरीच्या दोन वायरींत किंवा मोटरीत आहे.

निदान : पाना हातात घेण्याआधी गाडी शांत जागी उभी करावी, काचा वर घ्याव्यात, दुसऱ्या कोणाला रिमोट दाबायला सांगावे आणि एकेका दाराला कान लावावा. डॅशबोर्डखाली कंट्रोल बॉक्समधल्या रिलेचा ‘टिक्’ आवाजही येत नसेल तर वीजच पोहोचत नाही. आधी फ्यूज पाहावा. टिक् येतो आणि एकच दार मुके आहे, तर त्या दाराची वायर किंवा मोटर. दारात ‘गर्र’ असा आवाज होतो पण खटका जागचा हलत नाही, तर सळीचा चिमटा ढिला झाला आहे किंवा गिअरचे दात गेले आहेत. खटका कण्हत कण्हत निम्म्यावर येऊन थांबतो, तर कुलूप जड झाले आहे किंवा व्होल्टेज कमी पडते आहे. टिक् एकदाच न होता टकटकटक असा होत असेल तर बॅटरी उतरलेली असण्याचा संभव मोठा. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा यातले काहीच न करता थेट नवीन मोटर किंवा नवीन किट सुचवले जाते. ते टाळावे, कारण या वयाच्या गाडीत मोटरीआधी वायर दगा देते.

ती वायर कुठे तुटते याची जागाही जवळपास ठरलेली आहे. दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये, दोन बिजागऱ्यांच्या मधोमध, वायरींचा जुडगा एका घडीदार रबरी नळीतून जातो. दार उघडले की तो ताणला जातो, बंद केले की दुमडतो. ड्रायव्हरचे दार दिवसातून दहा वेळा उघडले असे धरले तरी पंधरा वर्षांत त्या जागी वायर ५४ हजारांहून अधिक वेळा वाकलेली असते. त्यात बाजारात बसवलेल्या किटच्या वायरी पुष्कळदा या नळीतून न नेता शेजारी छिद्र पाडून नुसत्याच आत सरकवलेल्या असतात आणि पत्र्याच्या धारेवर घासत राहतात. रबरी नळीचे एक टोक बोटांनी ओढून काढावे आणि आतली एकेक वायर दोन चिमटींत धरून हळूच ताणावी. धड वायर ताणली जात नाही. तुटलेली वायर बाहेरून अगदी शाबूत दिसते, पण ओढली की तिचे प्लॅस्टिक रबरासारखे लांबते. आत तांबे उरलेले नसते. कधी आवरण चिरलेले असते आणि आत हिरवट-काळी भुकटी दिसते. दार अर्धे उघडे ठेवले की लॉक चालते, पूर्ण बंद केले की चालत नाही, हे लक्षणही इथलेच.

इथे मल्टिमीटर फसवतो, हे सांगितलेच पाहिजे. वायरीच्या आतल्या दहा-बारा तारांपैकी एकच तार उरली असली तरी मोटर सुटी करून लावलेला मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ खातच नाही. त्या एका तारेतून मोटरीला लागणारे काही अँपिअर मात्र जाऊ शकत नाहीत. म्हणून इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प मोटरीच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडायच्या खोबणीवर, लावावा आणि रिमोट दाबावा. दिवा क्षणभर लख्ख पेटला तर वायर चांगली आणि मोटर गेलेली. मंद लुकलुकला तर वायर गेलेली. मीटरच वापरायचा तर कपलर जोडलेला ठेवून, मोटरीवर भार असतानाच माप घ्यावे.

तुटलेल्या वायरीला नुसता पीळ मारून इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धत सर्रास आहे. ही दुरुस्ती एक पावसाळा काढते. वायरीचा नवा तुकडा घालून दोन्ही सांधे नळीच्या बाहेर, म्हणजे एक दारात आणि एक डॅशबोर्डच्या बाजूला, जिथे वाकणे होत नाही अशा जागी घ्यावेत, त्यांना डाख द्यावा आणि श्रिंक स्लीव्ह चढवावी. डाख दिलेली वायर कडक होते. तो सांधा बिजागरीपाशी आला तर त्याच्या कडेलाच पुन्हा तुटतो. तुकडा किंचित लांब ठेवावा.

मोटर खरोखर गेली असेल तर तिची खूणही ठरावीक आहे. दाराच्या पॅडवर मुठीने थाप मारली की ती एखाददुसऱ्या वेळी चालते, कारण कम्युटेटरवरचा झिजलेला भाग सोडून ब्रश दुसरीकडे टेकतो. कित्येक मोटरींत संरक्षणासाठी एक छोटी चकती असते. लागोपाठ बटण दाबत राहिले की ती तापते आणि वीज अडवते. तपासणी करताना पाच-सहा वेळा भराभर बटण दाबून ‘आता तर पूर्णच बंद पडली’ असा समज होतो तो यामुळे. दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.

मोटर बदलण्यापूर्वी चिमट्याचे स्क्रू सैल करून तिची सळी सोडवावी आणि खटका हाताने वर-खाली करून पाहावा. तो बोटाने सहज हलायला हवा. जोर लावावा लागत असेल तर कुलपातले ग्रीस वाळून धुळीबरोबर त्याचा राप झाला आहे. नवी मोटरही त्यापुढे काही महिन्यांत हार मानील. गंज सोडवणारा स्प्रे मारून कुलूप मोकळे करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. स्प्रे उडून जातो, म्हणून नंतर पांढरे लिथियम ग्रीस लावावे. किल्लीच्या छिद्रात ग्रीस न घालता कोरडे ग्रॅफाइट घालणे चांगले.

पाणी : काचेच्या कडेच्या रबरी पट्टीतून पाणी दारात उतरणारच, हे गृहीत धरून दार बनवलेले असते. ते वाहून जायला दाराच्या खालच्या कडेला छिद्रे असतात आणि पॅडला ओल लागू नये म्हणून त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा किट बसवताना हा कागद फाडून टाकतात आणि छिद्रे चिखल-पाल्याने बुजतात. दार झटक्यात उघडल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर छिद्रे काडीने मोकळी करावीत. मुंबई, कोकण, गोवा अशा किनाऱ्याच्या भागात खारट हवेने कपलरच्या पिना हिरव्या पडतात. त्या घासून स्वच्छ कराव्यात आणि कपलर तोंड खाली राहील असा बांधावा. फाटलेल्या कागदाच्या जागी जाड प्लॅस्टिक चिकटवून घेण्याचा खर्च नगण्य असतो, आणि मोटरीचे आयुष्य त्याने खूप वाढते.

सगळी दारे लॉक होतात पण उघडत नाहीत, किंवा उलट, असे असेल तर कंट्रोल बॉक्समधल्या दोन रिलेंकडे पाहावे. एक रिले वीज देत असताना दुसरा अर्थ पुरवत असतो. म्हणून लॉक न होण्याचे कारण अनलॉकच्या रिलेचा जळका अर्थ-पॉइंटही असू शकतो. लॉक होऊन लगेच पुन्हा उघडत असेल तर बहुधा ड्रायव्हरच्या दारातला स्विच पूर्ण सरकत नाही. सळीचा चिमटा काही मिलिमीटर पुढे-मागे करून हे सुटते. रिमोटचे लक्षण सोपे आहे : किल्लीने चालते आणि रिमोटने नाही, तर आधी सेल बदलावा.

फ्यूजबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. किटचा फ्यूज लाल वायरीवर, छोट्या डबीत असतो. तो बहुधा १५ अँपिअरचा निळा किंवा २० चा पिवळा. तो वारंवार उडतो म्हणून ३० चा हिरवा घालणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे वायर जळण्याला वाट करून देणे आहे. एकेका दाराचा कपलर काढून पाहावे. ज्याचा काढल्यावर फ्यूज टिकतो, त्या दारात वायर पत्र्याला लागली आहे.

जुन्या मर्सिडीज गाड्यांत मोटरीऐवजी हवा हे काम करते. पुण्याजवळ पिंपरीत १९९५ पासून जोडल्या गेलेल्या डब्ल्यू-१२४ मालिकेतल्या गाड्यांत मागच्या बाजूला एक विजेचा पंप असतो आणि बारीक नळ्यांतून दारांतल्या रबरी पडद्यांना दाब किंवा ओढ मिळते. एखादा पडदा फाटला किंवा नळी निसटली की पंप बराच वेळ गुरगुरत राहून आपोआप थांबतो. एकेक नळी बंद करून पाहत गेले की गळती सापडते.

सुरक्षितता : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या पुरात मुंबईत काही जण बंद गाड्यांमध्येच गुदमरून गेले. पाण्यात बुडालेल्या गाडीची वीज भरवशाची नसते. त्यामुळे प्रत्येक दाराचा खटका विजेशिवाय, आतून, लहान मुलाच्या बोटानेही वर उचलता आला पाहिजे. अडकलेली मोटर आणि वाकडी बसवलेली सळी नेमका तोच खटका धरून ठेवतात. म्हणून दुरुस्ती पुढे ढकलायची असेल तर निदान त्या दारातली सळी चिमट्यातून काढून मोटर अलग करावी. ते दार हाताने लावत राहावे. बॅटरीची अर्थची वायर काढून, गाडीत बसून चारही दारे एकदा आतून उघडून पाहावीत. मागचे दार खटका वर असूनही आतून उघडले नाही तर घाबरू नये : दार बाहेरून उघडून त्याच्या कडेवरची चाइल्ड लॉकची छोटी पट्टी पाहावी, ती लागलेली असते.