युरिया संयंत्रातील पात्रे : मिश्रधातूंची निवड

मालेगावचा (जि. वाशिम) शेतकरी गव्हाला, कपाशीला जो युरिया देतो, तो ज्या पात्रांत तयार होतो त्यांचा धातू ठरवणे हे रासायनिक अभियांत्रिकीतील मोठ्या जोखमीचे काम. सुमारे १८० ते १९० अंश से. तापमानाला, १४० बारहून अधिक दाबाखाली अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइडपासून आधी अमोनियम कार्बामेट बनते. त्यातून पाणी सुटले की युरिया. कार्बामेटचा तप्त द्राव साधे पोलाद झपाट्याने खातो. म्हणून दाब पेलायला बाहेर जाड पोलादी कवच आणि द्राव अडवायला आत काही मिलिमीटरचे अस्तर. खरी निवड या अस्तराची.

पूर्वी शिसे, चांदी यांची अस्तरे असत. स्टेनलेस स्टील टिकते ते क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर राखायला द्रावात थोडा ऑक्सिजन लागतो. नेदरलँड्सच्या स्टॅमिकार्बनने १९५० च्या दशकात वायूसोबत थोडी हवा सोडण्याची रीत आणली. हवा बंद पडली तर महागडा धातूही झिजू लागतो.

त्यामुळे मागणीपत्रात स्टेनलेस स्टीलची प्रत नुसती ‘३१६ एल’ अशी लिहून भागत नाही. युरियासाठीच्या प्रतीत कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, निकेल नेहमीपेक्षा जास्त आणि फेराइट (पोलादातील लोहाची एक स्फटिकरचना) जवळजवळ शून्य हवे. कार्बन जास्त असला तर वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोमियम कार्बाइडात अडकते आणि सांध्यालगतची पट्टी गंजाला उघडी पडते. ही खोट ह्युई चाचणीत पकडतात : नमुना उकळत्या ६५ टक्के नायट्रिक आम्लात ४८ तासांच्या पाच फेऱ्या ठेवून वजनातील घट मोजतात. अधिक कठीण जागी २५ टक्के क्रोमियम, २२ टक्के निकेल, २ टक्के मॉलिब्डेनमचे पोलाद घेतात.

महाराष्ट्रात राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा थळ (ता. अलिबाग) येथील कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला, तेथील युरिया इटलीच्या स्नॅमप्रोगेटी पद्धतीने बनतो. या पद्धतीच्या स्ट्रिपरमध्ये, म्हणजे द्रावात उरलेले कार्बामेट उष्णतेने फोडून वायुरूपात वेगळे करणाऱ्या पात्रात, आधी टायटॅनियमच्या नळ्या असत. त्यांची टोके झिजत, म्हणून ठरावीक काळाने स्ट्रिपर उलटा बसवण्याची सोय ठेवलेली असे. पुढे पोलादी नळीला आतून झिर्कोनियमचे अस्तर आले.

अस्तर फुटल्याचे पहिले चिन्ह कवचातील बारीक गळतीछिद्राशी दिसते : अमोनियाचा वास, पांढरे स्फटिक. ते स्फटिकच छिद्र बुजवतात आणि मग द्राव आतल्या आत कवच खातो. छिद्रे नियमित तपासून मोकळी ठेवावीत आणि गळती दिसताच संयंत्र थांबवावे.