आढ्यवाताची कुळकथा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्त नावाच्या रोगावर एक स्वतंत्र अध्याय आहे. हातापायांच्या सांध्यांत ठाण मांडणारा आणि सुकुमार, सुखासीन माणसांना विशेषेकरून गाठणारा असा हा रोग. त्याला आढ्यवात, म्हणजे धनिकांचा वात, असेही एक नाव आहे. तिकडे ग्रीसमध्ये हिपॉक्रेटीसच्या परंपरेतील वैद्यांनी अशाच एका रोगाची लक्षणे नोंदून ठेवली. इंग्रजीत ज्याला गाऊट म्हणतात तो हा रोग. वातरक्त आणि गाऊट तंतोतंत एक आहेत असे म्हणता येणार नाही; परंतु साम्य पुष्कळ आहे. आज रक्ततपासणीच्या कागदावर यूरिक अ‍ॅसिडचा आकडा चढलेला दिसला की घरात जी घबराट उडते, जी पथ्ये सुरू होतात आणि जे उपचार अर्ध्यावर सोडले जातात, त्यांच्या मुळाशी असलेले समज फार जुने आहेत. त्यांतील बहुतेक प्रत्येक समज म्हणजे कोणत्या ना कोणत्या काळचे अर्धे सत्य होय.

पहिला समज असा की, हा रोग म्हणजे खाण्यापिण्यातील चैनीचे प्रायश्चित्त. अठराव्या शतकातील इंग्लंडात तर तो खानदानीपणाचे लक्षण मानला जाई. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने १७९९ मध्ये काढलेल्या चित्रात सुजलेल्या पावलावर एक काळा राक्षस दात रोवून बसला आहे. वेदनेचे इतके बोलके चित्र विरळाच! परंतु पुढे लंडनच्या आल्फ्रेड गॅरड या डॉक्टरांना इस्पितळात या रोगाने पिडलेले रंगारी आणि नळकामगारही आढळले. शिशाशी नित्य संबंध येणारी ही कष्टकरी माणसे. शिशामुळे मूत्रपिंडे बिघडतात आणि यूरिक अ‍ॅसिड शरीराबाहेर पडेनासे होते, याचा उलगडा मागाहून झाला. आज आपण जाणतो की, बहुसंख्य रुग्णांत हे द्रव्य पुरेसे बाहेर टाकले जात नाही हेच मुख्य कारण असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मांस, मासळी व मद्य यांनी भर पडते हे खरे. पण संयमाने राहणाऱ्या माणसालाही हा रोग होतो. लोक काय म्हणतील या संकोचाने दुखणे लपवणाऱ्याला हे कोणीतरी सांगावयास हवे.

दुसरा समज आकड्याविषयीचा. १७७६ मध्ये स्वीडनच्या शील या रसायनशास्त्रज्ञाने मूतखड्यातून हे आम्ल वेगळे काढले. १७९७ मध्ये वोलॅस्टनने ते सांध्यांभोवतीच्या गाठींत दाखवून दिले. १८४८ मध्ये गॅरडने रुग्णांच्या रक्तातच त्याचे आधिक्य सिद्ध केले. पुढे त्याने एक साधी युक्ती काढली. रक्तातील पाण्यासारखा भाग काचेच्या बशीत घेऊन त्यात थोडे अ‍ॅसेटिक आम्ल घालावयाचे आणि एक दोरा बुडवून ठेवावयाचा; यूरिक अ‍ॅसिड जास्त असेल तर दोन दिवसांत दोऱ्यावर स्फटिक जमत. खडीसाखर करणाऱ्या हलवायाला ही रीत परकी वाटू नये.

परंतु नवे साधन हाती आले की त्याने सारे जग मोजण्याचा मोह होतो. १८९२ मध्ये अलेक्झांडर हेग या लंडनच्याच डॉक्टरांनी आपल्या ग्रंथात डोकेदुखीपासून अपस्मारापर्यंत अनेक दुखण्यांचे खापर यूरिक अ‍ॅसिडवर फोडले. मांसाहाराबरोबर त्यांनी चहा, कॉफी आणि डाळीसुद्धा वर्ज्य केल्या. आपल्याकडे आजही पहिला घाव डाळीवर पडतो. वरणभातावर वाढलेल्या माणसाचे वरण बंद करणे ही लहान शिक्षा नव्हे, आणि ती बहुधा अकारण असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांची बारा वर्षे नोंद ठेवण्यात आली होती. मांस व मासळी यांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला. पालक, कडधान्ये यांसारख्या पदार्थांनी वाढलेला दिसला नाही. दूधदुभत्याने तो उलट कमी झालेला आढळला. ‘अ‍ॅसिड’ या नावावरून चिंच-लिंबू आणि दही सोडणारेही पुष्कळ आहेत. पण जिभेच्या आंबटाचा या आम्लाशी संबंध नाही. आणखी एक गोष्ट : आकडा चढलेल्यांपैकी बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही. सांधा दुखत नसेल, मूतखडा नसेल, तर केवळ आकड्यासाठी सहसा औषध दिले जात नाही.

तिसरा समज सर्वांत महाग पडणारा. तो म्हणजे, दुखणे थांबले की रोग गेला. कॉल्चिकम या वनस्पतीच्या कंदाने कळ थांबते, हे सहाव्या शतकातील ट्रालेसच्या अलेक्झांडरला ठाऊक होते. १८२० मध्ये त्यातील कॉल्चिसिन हे द्रव्य फ्रान्समध्ये वेगळे करण्यात आले. ते आजही उपयोगी आहे. पण त्याने दाह शमतो, यूरिक अ‍ॅसिड कमी होत नाही. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातील द्रवात यूरेटचे सुईसारखे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. कळ थांबल्यावरही हे स्फटिक सांध्यात तसेच राहू शकतात. शेरा मारून कागद फायलीत घातला म्हणजे प्रश्न मिटत नाही, हे आम्हां सरकारी नोकरांइतके कोणाला ठाऊक असणार!

ते स्फटिक विरघळवण्याचे साधन त्याच दशकात लाभले. गर्ट्रूड इलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतील अ‍ॅलोप्युरिनॉल हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगावरील औषधाला जोड म्हणून तपासले जात होते. त्याने यूरिक अ‍ॅसिड घटते असे दिसून आले. १९६६ मध्ये अमेरिकेत ते गाऊटवर मान्य झाले आणि १९८८ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. परंतु साचलेले स्फटिक विरघळू लागले की आरंभीच्या महिन्यांत कळ पुन्हा उठू शकते. रुग्णाला वाटते, औषधच बाधले; आणि तो ते टाकून देतो. म्हणूनच डॉक्टर थोड्या मात्रेने आरंभ करतात, सोबत दाहशामक देतात आणि १०० मिलिलिटर रक्तातील प्रमाण ६ मिलिग्रॅमच्या खाली येईतो मात्रा वाढवीत नेतात. क्वचित कोणाला या औषधाची त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया उमटते. तेव्हा ते शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नये, आणि अंगावर पुरळ दिसताच थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. ऐन कळेत रक्ताचा आकडा नेहमीसारखा येऊ शकतो, हेही ध्यानी असावे. तेवढ्यावरून रोग नाही असे ठरत नाही.

अंगठ्यावर पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, अशी ही वेदना. कित्येक शतके माणसाने ती निरुपायाने सोसली. आज उपाय हाती असताना ती संकोचापायी वा धीर सुटल्यामुळे सोसत राहणे, एवढेच टाळावयाचे आहे.