गेममधली हजेरी कोण मोजतं?

ऑनलाइन गेम किती खेळले जातात, रात्री किती वाजेपर्यंत चालतात, यावर आपल्याकडे प्रत्येकाचं मत आहे. आकडा मात्र कंपन्यांकडे. पण एकेकाळी तो बाहेरच्या माणसालाही काढता यायचा, तोही साध्या स्क्रिप्टने. पोस्ट थोडी मोठी आहे, वाचाच.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यात 'हू' अशी आज्ञा दिली की आत्ता आत कोण कोण आहे त्याची यादी यायची. अडचण एकच, एका वेळी ४९ नावंच दिसायची. कॅलिफोर्नियातल्या 'पार्क' या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी २००५ मध्ये सोपा मार्ग काढला. लेव्हलप्रमाणे तुकडे पाडून विचारायचं, सगळे तुकडे जोडायचे आणि काही मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. जनगणनाच म्हणा ना! २००६ मध्ये निष्कर्ष छापून आला. हजारोंच्या गर्दीत येऊनही माणसं बराचसा वेळ एकटीच खेळत होती. गर्दी हवी होती, पण आजूबाजूला असण्यापुरती.

तैवानमधल्या संशोधकांनी जानेवारी २००६ ते जानेवारी २००९ अशी दर १० मिनिटांनी हजेरी घेतली. १,१०७ दिवस, ९१,०६५ पात्रं. २०१५ मध्ये 'स्टीमस्पाय' आलं. स्टीमवरच्या उघड्या प्रोफाइलमधून नमुना घ्यायचा आणि कुठला गेम किती जणांकडे आहे याचा अंदाज बांधायचा. एक्झिट पोलसारखंच.

आता याची दुसरी बाजू. मी स्वतःच्याच खात्यावर प्रयोग करून पाहिला. दर १० मिनिटांनी 'ऑनलाइन आहे की नाही' एवढंच फाइलमध्ये लिहिणारी स्क्रिप्ट. दिवसाला १४४ नोंदी. दोन आठवड्यांनी तक्ता केला. सात ओळी वारांच्या, चोवीस रकाने तासांचे, जास्त वेळ तिथे रंग गडद. मी झोपतो कधी, कामावर असतो कधी, सुट्टी कुठल्या वारी, सगळं समोर! आणि त्यासाठी मला एकही प्रश्न विचारावा लागला नव्हता.

म्हणून एप्रिल २०१८ मध्ये स्टीमने खेळाडूंच्या गेमची यादी आपोआप झाकायला सुरुवात केली, ते योग्यच झालं. पण खिडकी बंद झाली ती बाहेरच्यांसाठी. कंपनीच्या सर्व्हरवर नोंद चालूच आहे.

याने काय बिघडतं? चीनचं बघा. २०१९ मध्ये तिथे अल्पवयीन मुलांना एरवी दिवसाला दीड तासच खेळायची मर्यादा घातली. पुढे संशोधकांनी एका कंपनीकडून मिळालेल्या ७०० कोटींहून जास्त तासांच्या नोंदी तपासल्या आणि २०२३ मध्ये सांगितलं की अति खेळणं कमी झाल्याचा पुरावा त्यात दिसत नाही. खेळणाऱ्यांचं वय त्या नोंदींत नव्हतं, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण कंपनीने दार उघडलं म्हणून निदान तपासता तरी आलं.

आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई केली, काही अपवाद सोडून. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. चांगलं आहे. पण परिणाम झाला की नाही हे मोजणार कोण? कंपनी सांगेल तेच खरं मानायचं का?

माझं म्हणणं सरळ आहे. कुठल्याही एका मुलाची नोंद कुणाच्या हाती लागू नये. पण राज्यात कुठल्या तासाला किती जण खेळतात, ही बेरीज नावांशिवाय जाहीर करायला कंपन्यांना भाग पाडावं. माणूस खासगी, बेरीज सार्वजनिक.

तोवर कुणी छातीठोकपणे आकडा फेकला, तर एवढंच विचारा: मोजला कुणी आणि कसा?

तुम्हाला काय वाटतं, खाली लिहा.