सुकतीची वाट

आधी पाय सांभाळ. तू उभा आहेस ते खडप शेवाळाने निसरडं झालंय, आणि त्याला चिकटलेल्या कालवांच्या कडा टाच चिरतात. साल १७६५, महिना जानेवारी. पौषाची पुनव नुकतीच झाली आहे, म्हणून पहाटेची सुकती खोल गेलीय. एरवी पाण्याखाली असणारे खडक चंद्राच्या उजेडात उघडे पडलेत. मतलई वारा पाठीला गार लागतो. मागे मालवणातला दांडीचा किनारा, जवळच पद्मगड, आणि समोर पाण्यातून उठलेला सिंधुदुर्ग. तुझं वय पंधरा.

कालवं काढणं हे बायकांचं काम. पण तुझी आवस तापाने पडून आहे, म्हणून आज कोयती, टोपली आणि होडकं तुझ्या हातात आलं. लहानपणापासून तिच्यामागून फिरलास, त्यामुळे कुठल्या खडकावर पाऊल टाकायचं, भरती लागली की कुठून परतायचं, होडकं कुठल्या फटीतून निघतं, हे तुला विचार करून आठवावं लागत नाही.

हा किल्ला शंभर वर्षांचा झालाय. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी याच किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं. पायात शिसं ओतलं, नागमोडी तट उभारला. आज आपण तट बघायला जातो, बुरूज मोजतो, दूधबाव आणि साखरबावेचं गोडं पाणी पिऊन थक्क होतो. मला मात्र वाटतं, या किल्ल्याची पहिली तटबंदी पाण्याखाली आहे. परक्या जहाजाला आधी ती ओलांडावी लागते, आणि तिचा दरवाजा कुठे आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात टोपली घेऊन खडपांवर फिरणाऱ्या बायकाही होत्या.

तुझ्या वेळी किल्ल्यावर कोल्हापूरकरांचा अंमल आहे. कोल्हापूरचे संभाजीराजे चार वर्षांपूर्वी वारले, कारभार त्यांच्या राणी जिजाबाई पाहतात. या किनाऱ्यावरच्या सत्ता दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं जहाज पकडणं हा आपला हक्क मानतात. मुंबईचे ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज मालवणच्या गलबतांना चाचे म्हणतात. तुझा बाप तशाच एका गलबतावर तांडेल आहे आणि आज रात्री तो किल्ल्यात आहे.

"ए पोरा!"

बोली मुंबईकडची. पुढच्या खडपावर एक माणूस बसलाय. त्याची छोटी होडी खडकावर आपटून फळी फुटलीय. डावा पाय घोट्यापाशी वाकडा झालाय. हातात पिस्तूल आहे आणि त्याचं तोंड तुझ्याकडे आहे.

"होडकं इकडे घे. नाहीतर गोळी घालीन."

तुझी नजर पिस्तुलावरून त्याच्या पायाशी जाते. तिथे दोरीचं वेटोळं आहे. दोरीला ठरावीक अंतरावर चामड्याचे तुकडे आणि चिंध्या बांधल्यात, टोकाला शिशाचा लांबट गोळा आहे. गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली, आणि चरबीत वाळूचे कण व शिंपल्यांचा चुरा रुतलेला. दोरी पाण्याची खोली सांगते, चरबी तळ वाळूचा की खडकाचा ते सांगते. मासेमारीला कुणी अशी दोरी आणत नाही. हा माणूस कंपनीच्या जहाजांसाठी वाट मोजतोय. त्याच्या छातीशी, अंगरख्याच्या आत, मेणकापडात गुंडाळलेले कागद आहेत.

पाणी परतायला लागलंय. सूर्य वर येईपर्यंत त्याचं खडप बुडेल, आणि त्या पायाने तो पोहू शकणार नाही.

तू वल्ह्याच्या दोन फटक्यांत एका मोठ्या खडकाआड जाऊ शकतोस. दारू भिजली असेल, गोळी कदाचित सुटणारही नाही. तू गेलास तर दर्या तुझ्यासाठी काम करील. कुणाला कळणारही नाही. त्याला घेतलंस तर जे तो मोजून आलाय तेही तुझ्या होडक्यात बसेल, आणि ज्या तोफा त्या वाटेने येतील त्या तुझ्या बापावर धडाडतील. दुसरीकडे, बुडत्याला सोडून येऊ नये हे आवशीने तुला या खडपांवरच शिकवलंय. तिने शत्रूचा अपवाद सांगितला नव्हता.

पंधराव्या वर्षी माणसाला एवढं तोलायला लावणारा काळ मला निर्दय वाटतो. पण तुझ्याकडे वेळ नाही.

"दोरी दर्यात टाक," तू म्हणतोस. "कागदय टाक."

"गोळी घालीन म्हटलं ना!"

"घाल. मगे वाट कोण दाखयतलो?"

तो तुझ्याकडे बघत राहतो. लाट त्याच्या गुडघ्याला लागून जाते. मग तो शिव्या देत दोरी भिरकावतो. कागदांना वेळ लागतो; ते तो दोनदा हातात चाचपतो, मग सोडतो. मेणकापड थोडं तरंगतं. तू ते वल्ह्याने ओढून घेतोस, सोडून उलगडतोस आणि शाई पाण्यात विरघळेपर्यंत धरून ठेवतोस. मगच होडकं त्याच्या खडपाला लावतोस.

पिस्तूल सगळा वेळ तुझ्या पाठीवर रोखलेलं. तू मात्र जहाजाच्या वाटेकडे वळतच नाहीस. खडपांच्या मधून, वीतभर पाण्यावरून, एकदा उजवीकडे, मग मागे, पुन्हा किनाऱ्याकडे असा फिरवत त्याला तारकर्लीच्या बाजूच्या वाळूवर उतरवतोस. तो एका पायावर लंगडत माडांत शिरतो. आभार मानत नाही.

तू आणि हा माणूस, दोघेही कल्पनेतले. इंग्रजांची मोहीम मात्र खरी. त्याच महिन्यात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या तुकडीने सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. किल्ला सांभाळणं परवडेना, तेव्हा कोल्हापूरकरांकडून ३ लाख ८२ हजार ८९६ रुपये कबूल करून घेऊन इंग्रजांनी तो परत दिला. १८१२ च्या तहाने मालवण पुन्हा कंपनीकडे गेलं. दोन्ही अधिकाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, रुपयांचा आकडा शेवटच्या सहापर्यंत नोंदलेला आहे. खडपांची वाट जाणणाऱ्या एकाही बाईचं नाव कुठल्या पुस्तकात मला भेटलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण ते सगळं पुढचं. आज सकाळी तू तसाच वल्हवत किल्ल्याच्या दरवाजाशी येतोस, पहारेकऱ्याला बापाला हाक मारायला लावतोस आणि धापा टाकत सगळं सांगतोस. तो मधे एकदाही बोलत नाही. कपाळाला आठी घालून पाण्याकडे बघतो.

"कागद बुडवलंस, बरां केलंस," तो अखेर म्हणतो. "पण त्येच्या डोक्यात आसा, तां कसां बुडवतलस?"

"म्हणान त्येका आडवाटेन नेलंय, बाबा. थयसून फक्त होडकां जाता."