मिलम : १०० मण्यांची माळ आणि ओस पडलेले गाव

उत्तराखंडातील मुनस्यारीहून गोरीगंगेच्या काठाने वर चढत गेले की जोहार खोऱ्यातले मिलम लागते. ट्रेकर तिथे हिमनदी पाहण्यासाठी जातात. पडक्या दगडी घरांच्या वाट्याला फार तर एखादा फोटो येतो.

ही घरे शौका व्यापाऱ्यांची. उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य, गूळ, कापड लादून ते उंटाधुरा खिंडीमार्गे तिबेटात जात आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतत. हिवाळा खालच्या गावांत सरे.

तिबेटात युरोपीयांना मज्जाव होता. त्यामुळे ब्रिटिश सर्वेक्षण खात्याला नेमकी हीच माणसे हवी होती. मिलमच्या नैनसिंह रावतांच्या जपमाळेत १०८ नव्हे, १०० मणी होते : दर १०० पावलांना एक मणी सरके. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी मोजणीच्या नोंदी! जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. १८७७ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

१९६२ च्या युद्धाने हा व्यापार संपला. जोहारात लढाई झाली नाही, तरीही मिलम रिकामे झाले. काही कुटुंबे अजून उन्हाळ्यात वर येतात, शेते पेरतात आणि बर्फ पडण्याआधी दारांना कुलपे लावून खाली उतरतात.