ऐपत आणि सोडत: स्काउट साहसाची दारे कोणासाठी उघडली?

१/५
ऑगस्ट १९०७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउन्सी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले. स्काउट चळवळीचा उगम येथेच मानला जातो.

२/५
ही मुले दोन भिन्न जगांतली होती. निम्मी ईटन, हॅरोसारख्या महागड्या शाळांतली, बहुतांशी बेडन-पॉवेल यांच्या मित्रांची मुले. उरलेली पूल व बोर्नमथ येथील बॉइज ब्रिगेडची, सामान्य घरांतली. शुल्क ऐपतीनुसार होते: पहिल्यांना १ पौंड, म्हणजे २० शिलिंग, दुसऱ्यांना अवघे साडेतीन शिलिंग. शिबिरातील चारही तुकड्यांत मात्र सर्वांची सरमिसळ केली होती.

३/५
चळवळ जगभर पसरली आणि साहसाच्या जागा अपुऱ्या पडू लागल्या. अमेरिकी तेलउद्योजक वेट फिलिप्स यांनी १९३८ मध्ये न्यू मेक्सिकोतील ३५,८५७ एकर जमीन तेथील बॉय स्काउट्स संघटनेला दान दिली. १९४१ मध्ये त्याहून मोठे दान दिले. हेच आजचे फिलमाँट. तेथील डोंगरांतल्या १२ दिवसांच्या पदभ्रमणासाठी पुढे सोडत काढावी लागली.

४/५
सोडत ओळखपाळख पाहत नाही, हा तिचा गुण. ती ऐपतही पाहत नाही, ही तिची मर्यादा. नाव निघाले तरी शुल्क, प्रवास आणि साहित्य यांचा खर्च उरतोच.

५/५
ब्राउन्सीत नेमके उलट होते. शुल्क ऐपतीनुसार, पण निमंत्रण ओळखीतून. मुलींना तर स्थानच नव्हते. जागा कोणाला मिळते आणि ती कोणाला परवडते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर सापडले म्हणून दुसरा सुटत नाही.